शुभ घरी, लाभ मिलमध्ये

जळगावात दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. त्याच्या दारावर दिवाळीला फक्त 'शुभ' लिहितात. चौकटीच्या डाव्या अंगाला ओल्या कुंकवानं ठसठशीत 'शुभ', आणि उजवं अंग कोरं. नवा दूधवाला, नवा कुरिअरवाला, कुणी ना कुणी दरवर्षी विचारतोच, "शेठाणी, लाभ लिहायचा राहिला का?" आणि दरवर्षी चेलना सांगते, "राहिला नाही. तो मिलमध्ये आहे."

विचारणाऱ्याला वाटतं शेठाणी थट्टा करताहेत. थट्टा कसली! एमआयडीसीतल्या त्यांच्या दाल मिलच्या दारावर त्याच दिवशी, त्याच वाटीतल्या कुंकवानं फक्त 'लाभ' लिहिलेला असतो. तिथं डावं अंग कोरं. साऱ्या मुलखात हे दोन शब्द नवराबायकोसारखे एका चौकटीवर नांदतात. त्यांची अशी ताटातूट करणारा माणूस म्हणजे चेलनाचे सासरे, मोहनलालजी. ते म्हणायचे, "लाभ घराच्या दारावर लिहिला की त्याला घराची वाट कळते. एकदा वाट कळली की तो घरी येतो. आणि घरी आलेला लाभ परत कामाला जात नाही, लोळत पडतो आणि खर्च होतो."

गल्ली हसायची. पण हसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या मिलना आज कुलूप आहे, हेही लिहून ठेवायला हवं. एकानं तर भाव चढले त्या वर्षी संगमरवरी बंगला बांधला, बंगल्यापुढं कारंजं बसवलं, आणि पुढं भाव पडले तेव्हा मिल विकून कारंजं बघत बसला. मोहनलालजी येणाऱ्याजाणाऱ्याला ते कारंजं लांबून दाखवायचे. माणूस वेडा नव्हता. वेडा असता तर चेलनाला बरं झालं असतं, वेड्यावर रागावता तरी येतं.

चेलना धुळ्याची. आग्रा रोडवर तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. त्या दुकानात लाभ दारावरही असायचा आणि ताटातही. दिवाळीचा गल्ला चांगला झाला की वडील साऱ्या घराला माउंट अबूला घेऊन जायचे, आणि तिथून आल्यावर महिनाभर सगळ्यांना अबूच सांगायचे. दुकान होतं तेवढंच राहिलं, आजही तेवढंच आहे, पण चेलनाला बालपणाचं काही आठवलं की आधी हसणं आठवतं. तिचं जळगावला ठरलं तेव्हा दुकानातला जुना नोकर अभिमन कपड्याची थप्पी लावता लावता म्हणाला होता, "ताई, तठे बठ्ठा कामवालाच शेतस. तुन्हासंगे बोलाले कोनले येळ नही." तिथं तुझ्याशी बोलायला कुणाला वेळ नाही, या त्याच्या बोलण्यावर सगळे हसले होते. चेलनाही हसली होती.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासूबाईंनी, मोहनबाईंनी, नव्या सुनेच्या हाती कुंकवाची वाटी दिली आणि त्या फराळाचं बघायला आत गेल्या. सुनेनं धुळ्याला लिहायची तसं लिहिलं. इकडं शुभ, तिकडं लाभ, खाली दोन्हीकडं छान स्वस्तिक. मागं सरून बघत होती तेवढ्यात मोहनलालजी बाहेरून आले. कोपऱ्यातल्या बादलीत त्यांनी खांद्यावरचा पंचा बुडवला, पिळला, आणि 'लाभ' पुसून काढला. अगदी हळू, बाळाचं तोंड पुसावं तसा. मग मारवाडीत सुनेला म्हणतात तसं म्हणाले, "बिनणी, चूक तुझी नाही. कुणी सांगितलं नव्हतं." आणि आत जाऊन पूजेला बसले.

ओरडले असते तर ती विसरली असती. तो ओला पंचा मात्र ती कधी विसरली नाही.

पुढं सासऱ्यांनीच तिला मिलचं गणित समजावलं. माणूस शिकवायला गोड होता. तूर घ्यायची, तिला पाणी-तेल लावायचं, वाळवायची, भरडायची, साल काढायचं. डाळीत जे सुटतं त्यातून वीज, हमाली, पगार, गाडीभाडं भागतं. नफा सुटतो तो चुनीत, म्हणजे भरडताना पडलेल्या चुऱ्यात, जी गुराढोरांना जाते. "आपण माणसांना डाळ विकतो ती जगायला," मोहनलालजी म्हणायचे, "आणि म्हशींना चुनी विकतो ती वाढायला." मग तो वाढायचा पैसा कुठं जातो? पुन्हा मिलमध्ये. कारण शेजारच्यानं नवं मशीन घेतलं की त्याची डाळ आपल्यापेक्षा उजळ निघते, आणि व्यापारी दोन मुठी शेजारी शेजारी धरून बघतो. तुमची मूठ काळपट दिसली की तो चहा पिऊन निघून जातो.

हे सगळं चेलनाला पटलं. तीच तर अडचण होती. न पटणाऱ्या गोष्टीशी भांडता येतं, पटलेल्या गोष्टीखाली माणूस मुकाट दबत जातं.

एकदाच तिनं नवऱ्याला विचारलं होतं. जिनेशभाई तेव्हा नुकते मिल बघायला लागले होते, आणि मिलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली होती. चेलनाही त्या कंपनीची डायरेक्टर झाली होती, म्हणजे जिथं पेन्सिलीनं फुली मारलेली असेल तिथं सही करायची. एका सहीच्या वेळी ती म्हणाली, "अहो, यंदा नफा चांगला झालाय म्हणता. कुठाय तो? मला एकदा बघू तरी द्या." जिनेशभाई तिला स्कूटरवर बसवून मिलमध्ये घेऊन गेले. गोदामात छतापर्यंत लागलेली तुरीची थप्पी दाखवली. "हा थोडा नफा." नवा ड्रायर दाखवला. "हा थोडा." मग मद्रासकडच्या व्यापाऱ्यांची नावं घेतली. "आणि थोडा त्यांच्याकडं, दोन महिन्यांनी येईल, आला की पुन्हा तूर." ते प्रामाणिकपणानं सांगत होते. "नफा म्हणजे पैसा नसतो, चेलना. पैसा झाला की तो नफा राहत नाही." एवढा मोठा नफा, आणि त्यातलं हातात धरता येईल असं काही नव्हतं.

आणि घर? घर मोहनलालजी राजस्थानातून आले तेव्हा होतं तसंच. पुढं एक खोली, मागं एक, वर माळा. स्वयंपाकघराला खिडकी नाही. तिन्ही बाजूंना लोकांच्या भिंती, त्यामुळे जळगावच्या उन्हाळ्यात, बाहेर डांबर वितळत असताना, आत भर दुपारी ट्यूबलाइट लावून पोळ्या लाटायच्या. मिलमध्ये सॉर्टेक्स आलं, कॅमेऱ्याचं मशीन, एकेक दाणा उजेडात बघून काळा दाणा हवेच्या फुंकरीनं उडवून देणारं. त्या मशीननं उडवलेली डाळ घरी यायची. चांगली डाळ विकायची, उडवलेली आपण खायची, ही घराची जुनी रीत. म्हणजे लाखोंच्या मशीननं जी नापास केली ती डाळ चेलना ताटात घेऊन ट्यूबलाइटखाली पुन्हा निवडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

ती मशीनना जावा म्हणायची. "थोरली जाऊ सॉर्टेक्स, मधली ड्रायर, आणि आता ही धाकटी छपरावर सोलर प्लेटा पसरून बसलीय. तिघी नटूनथटून मिलमध्ये, आणि घरचं सगळं माझ्या गळ्यात." जिनेशभाई हसायचे. अलीकडं त्यांचं हसूही दमलेलं असतं. ब्लडप्रेशरची गोळी घेऊन ते जेवायला बसतात आणि ताटावरच पेंगतात. भाव, पाऊस, सरकारनं आयात सोडली की रोखली, हमालांची मजुरी, सगळं त्यांच्या डोळ्यांखाली साचलंय. चेलनाला त्यांचा राग येतो आणि दयाही येते, आणि दोन्ही एकदम आलं की ती भांडी घासायला घेते.

मात्र एक गोष्ट तिची होती. पिंप्राळ्याच्या बाजूचा प्लॉट. धुळ्याच्या वडिलांनी जाण्याआधी लेकींना वाटे दिले, त्यातून तिनं तो घेतला, स्वतःच्या नावावर. जिनेशभाईच तिला तिकडं घेऊन गेले होते. चारी बाजूंना मोकळं, पूर्वेला रस्ता. चेलनानं तिथंच चपलेच्या टोकानं मातीवर रेघ ओढली. "इथं स्वयंपाकघर. आणि इथं एवढी मोठी खिडकी." जिनेशभाई म्हणाले होते, "हा तुझा. याला मिल हात लावणार नाही. घर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू! या तीन शब्दांवर चेलनाचं आयुष्य निघालं. पुढच्या वर्षी सॉर्टेक्स आलं. त्याच्या पुढच्या वर्षी तुरीचे भाव कोसळले. मग मुलाचं, मननचं, पुण्याचं शिक्षण, मग ड्रायर जुना झाला, मग सोलर. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. खोटं कारण जिनेशभाईंनी एकदाही दिलं नाही.

प्लॉटशेजारी पुढं एक घर झालं. कुंदाबाई आणि शालिग्राम यांचं. माणसं बोदवडकडची. शालिग्रामभाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते, रिटायर झाले, आणि हातात आलेल्या पैशांतून वर्षाच्या आत त्यांनी टुमदार घर बांधलं. स्वयंपाकघराला दोन खिडक्या. चेलना अधूनमधून प्लॉट बघायला जायची तेव्हा कुंदाबाई तिला ओढून चहाला न्यायच्या. रिकाम्या प्लॉटवर त्या हक्कानं कुरडया वाळत घालायच्या, आणि चेलनाला ते बरं वाटायचं, निदान कुणीतरी त्या जागेवर काहीतरी करतंय.

"काय वो वहिनी, यंदा तरी खंदता का पाया?" कुंदाबाई दरवेळी विचारायच्या. "पान्याची काळजी नका करू, आमच्या नयाचं घ्या. मले तं शेजार पायजे. संध्याकायी बोलाले कोनी नही."

त्या चहा करताना चेलना खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची. काही करायची नाही. खिडकीतून पेरूचं झाड दिसायचं, त्यावर ऊन असायचं. मिलच्या मालकिणीला फिटरच्या बायकोचा हेवा वाटायचा, आणि हे ती कुणाला सांगणार? एवढ्या मोठ्या कंपनीची डायरेक्टर!

मोहनलालजी जाऊन बरीच वर्षं झाली. रीत गेली नाही. दिवाळीला चेलना दाराशी वाटी घेऊन बसली की आतून मोहनबाई येऊन उभ्या राहतात. आता ऐंशीच्या पुढं आहेत, भिंतीला धरून येतात. हातात ओलं फडकं असतं. म्हणतात, "कुंकू सांडलं तर पुसायला." कुंकू कधी सांडलेलं नाही. फडकं कशासाठी असतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा मात्र घर होणारच होतं. जिनेशभाईंनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, आपण होऊन, जेवताना न पेंगता. "यंदा घर. मी दमलोय चेलना. मलाही खिडकी पाहिजे." त्या रात्री ती किती तरी वेळ जागी होती, आनंदानं नव्हे, भीतीनं. एवढ्या वर्षांनी मिळणारी गोष्ट हातातून पडली तर?

मग मनननं गोष्ट हाती घेतली. पोरगा हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि आजोबांवर गेलाय. पावसाळाभर तो कागदांवर काहीतरी आखत होता. नवरात्रात एका दुपारी त्यानं आईला गाडीत बसवलं आणि प्लॉटवर नेलं. प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं पाया आखलेला होता. कुंदाबाईंचं वाळवण आखणीबाहेर सरकलं होतं. चेलनाच्या पायात एकदम बळ आलं. ती त्या पांढऱ्या रेघांमधून नव्या नवरीसारखी फिरू लागली.

"मम्मी, नीट ऐक," मनन म्हणाला. "सुटी डाळ विकून आता काही राहिलं नाही. आपण स्वतःच्या नावानं पाकिटं काढणार. मोठ्या शहरांतल्या दुकानवाल्यांचे खरेदीचे लोक इथं येतील, त्यांना मिलच्या धुळीत बसवता येत नाही. म्हणून खाली ऑफिस आणि सॅम्पल, आणि वर आपलं घर. सगळं कंपनी बांधेल, कंपनीच्या नफ्यातून. आपल्या खिशातून काही नाही."

"कंपनी बांधेल?"

"हो. फक्त प्लॉट कंपनीच्या नावावर करावा लागेल. तुझी एक सही."

"मग घर कोणाचं?"

"कंपनीचं. म्हणजे आपलंच ना. कंपनी म्हणजे कोण? आपणच."

"आणि मी त्या घरात कोण?"

मनन हसला. "डायरेक्टर! डायरेक्टरला कंपनी राहायला देऊ शकते."

चेलना पूर्वेच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. तिथंच, जिथं तिनं कधी काळी चपलेनं रेघ ओढली होती, तिथं मननच्या हातातल्या नकाशात मोठी खिडकी दाखवलेली होती. "हे स्वयंपाकघर ना?"

"किचनच आहे ते, पण सॅम्पल किचन. खरेदीवाले आले की आपली डाळ शिजवून समोर वाढायची. उजेड लागतो, डाळीचा रंग दिसायला हवा. आपलं किचन वर, मागच्या बाजूला."

"त्याला खिडकी?"

"डक्ट आहे तिथं. एक्झॉस्ट लावू."

चेलनानं अगदी साधेपणानं विचारलं, "आणि खालच्या किचनमध्ये शिजवणार कोण?"

"तू आहेस ना, मम्मी! तुझ्यासारखं वरण जळगावात कुणाला येतं?"

तो मनापासून बोलला. त्याला खरंच वाटत होतं, आपण आईला मान देतोय. आईच्या हातचं वरण कंपनीच्या कामी येणार, यापरता मान कोणता? चेलनाला जोरात रडू यायला हवं होतं, पण रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. ती गाडीत जाऊन बसली. कुंदाबाई फाटकातून हाका मारत होत्या, "वहिनी, चहा टाकला ना मी!" तिनं काचेतून नुसता हात केला.

घरी तिनं जिनेशभाईंना एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोराचं म्हणणं चुकीचं नाही," ते म्हणाले. मग तो परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "माझ्यात आता त्याला नाही म्हणायची ताकद नाही." ते खरं होतं. ते कधी खोटं बोललेच नाहीत.

दिवाळी आली. सही पाडव्याच्या आत हवी होती, पाडव्याच्या मुहूर्तावर पाया खणायचा होता. चेलनानं नेहमीसारखा फराळ केला, पणत्या धुतल्या, मिलच्या माणसांचे मिठाईचे डबे बांधले. सही करायची नाही असं तिनं ठरवलं नव्हतं. खरं तर तिनं काहीच ठरवलं नव्हतं. ठरवायचं म्हणजे पुन्हा सगळं मनात उगाळायचं, आणि त्याचाही तिला कंटाळा आला होता.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. ती वाटीत कुंकू भिजवून दाराशी आली. गल्लीत पोरांचे फटाके चालू होते. डाव्या अंगाला तिनं 'शुभ' लिहिलं, नेहमीसारखं, ठसठशीत. खाली स्वस्तिक. मागं मोहनबाई भिंतीला धरून येऊन उभ्या राहिल्याचं तिला न बघताही कळलं. ओल्या फडक्याचा वास आला.

बोटावर कुंकू उरलं होतं. ते वाटीच्या कडेला निपटून उठायचं, हे दरवर्षीचं. यंदा ती उठली, आणि उजव्या अंगाला जाऊन बसली. 'ला' लिहिला. काना लांब ओढला. 'भ' लिहिला. एवढ्या वर्षांत या बाजूला लिहायची सवय गेली होती, त्यामुळे 'भ' जरा वाकडा आला. तिनं बोट पुन्हा बुडवून तो नीट केला.

मनन आतून कागद आणि पेन घेऊनच आला होता. "मम्मी, पूजेआधी ही तेवढी..." मग त्याची नजर चौकटीवर गेली. "अगं मम्मी, चुकून लाभ लिहिलास!"

चेलनानं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर उभी राहिलेली बाई जशी बोलते तसं ती बोलली.

"चुकून नाही. आणि सहीचं पुढच्या वर्षी बघू."

मनन आधी हसला. त्याला वाटलं, आई गंमत करतेय. मग त्यानं वडिलांकडं बघितलं. जिनेशभाई नवे कपडे घालून, मिलवर 'लाभ' लिहायला जायचं म्हणून, चपला पायात सरकवत होते. ते तसेच थांबले. ते शब्द त्यांचे होते. एवढी वर्षं त्यांनी ते बायकोला दिले होते, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी ते मिलला दिले होते. त्यांनी ते ऐकले, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"पण मम्मी, पाया आखलाय. माणसं ठरलीत."

"घर बांधायचंच आहे," चेलना म्हणाली. "माझ्या नावावर. लहान बांधू. खरेदीवाल्यांना वरण मिलमध्ये खाऊ घाल, मी डबा देईन."

"त्याला पैसा कंपनीतून काढावा लागेल, मम्मी. घरी आणायचा म्हणजे त्यावर टॅक्स..."

"मग भर."

सगळ्यांच्या नजरा आपोआप एकीकडं गेल्या. मोहनबाई फडकं घेऊन पुढं येत होत्या. एक हात भिंतीवर, एकेक पाऊल. जन्मभर त्यांनी ती कोरी बाजू राखली होती. नवऱ्याच्या हयातीत त्यांनी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि नवरा गेल्यावर त्याचं फडकं त्यांच्याच हातात आलं होतं. चेलना उठून बाजूला झाली. पुसू देत, तिच्या मनात आलं. पुसलं तर मी पुन्हा लिहीन. आणि दुसऱ्याच क्षणी तिला वाटलं, नाही, पुन्हा लिहायचं बळ माझ्यात नाही.

मोहनबाई चौकटीपाशी थांबल्या. डोळे बारीक करून त्यांनी अक्षरं वाचली. आधी शुभ, मग मान वळवून लाभ. मग त्यांनी चेलनाचा उजवा हात धरला, आणि त्या ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसायला लागल्या. एकेक बोट, नखाच्या कडेतलं कुंकूसुद्धा.

"बस," त्या म्हणाल्या.

घरात त्या मारवाडी बोलतात, सुनेशी मराठीही बोलतात. मारवाडीत पुरे म्हणाल्या की मराठीत खाली टेक म्हणाल्या, ते चेलनाला कळलं नाही. तिला दोन्ही हवं होतं. दिवेलागणीला उंबऱ्यात बसू नये, लक्ष्मीची वाट अडते, हे याच सासूनं तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ती उंबऱ्यात बसली. तिचा हात सासूच्या हातातच होता, म्हणून मोहनबाईही भिंतीला धरत धरत तिच्याशेजारी खाली बसल्या, आणि दोघींनी मिळून दार पुरतं अडवलं.

"पप्पा, मिलवर लाभ लिहायला जायचंय ना?" मनन हळूच म्हणाला. "मुहूर्त चाललाय."

जिनेशभाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

"लिहून झालाय," ते म्हणाले.